शून्याच्या जरा अलीकडे

दुपारी अडीचचा तास. पंखा आहे, वीज नाही.
अक्कलकोट रोडवरची तापलेली हवा आत येते
आणि मागच्या बाकांवर बसते.
मी फळ्यावर लिहिते: एच शून्याकडे जातो.
सतरा वर्षं जातोच आहे,
अजून पोचलेला नाही.

अंबादास येमूल उठतो.
आयटीआयला टर्नर करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला,
नखांत ग्रीस, वहीला कूलंटचा वास.
"मॅडम, शून्याकडं म्हणजे कितीपर्यंत?
पॉइंट झिरो टू म्हणत असाल तर करून देतो.
त्याच्या खाली आपलं मशीन हलतंय की ओ."

वर्ग हसला. मीही.
मग पुस्तकातलं उत्तर दिलं: तू म्हणशील त्याहूनही जवळ.
तो बसला.
पटलं नाही, हे बसण्यावरून कळलं.

शुक्रवारी मी वर्कशॉपात गेले.
म्हेत्रे सरांनी आधी माझ्या पदराकडे पाहिलं, मग चकाकडे.
"खोचून घ्या. हिला माणूस आणि लोखंड वेगळं ओळखता येत नाही."
लेथवर बिडाचा तुकडा फिरत होता.
बीड लांब कीस सोडत नाही, काळी भुकटी सोडतं,
ती अंबादासच्या भुवयांवर बसलेली.
टूल केसाकेसाने पुढे सरकत होतं
आणि डीएक्स म्हणजे काय ते मला पहिल्यांदा दिसलं:
हाताने फिरवायचं एक चाक,
रेघा मोजत.

टेबलावर गेज पडलेलं. एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो.
एक आत गेलंच पाहिजे,
दुसरं जाता कामा नये.
"ह्याला लिमिट गेज म्हणतात," तो म्हणाला,
माझाच शब्द मला परत देत,
तेल लावून.

तुकडा टॅपेटसाठी होता,
साखर पेठेतल्या वडिलांच्या मागाचा.
नवा बसवल्यापासून ताण्याचे धागे तुटतात,
टॉवेलागणिक दहा-बारा.
"मापात पास आहे बघा. मागावर नापास."

मी वही काढली. उचल, वेग, त्वरण.
जिथे थांबा संपतो आणि उचल सुरू होते
तिथे उंची जुळते, वेगही जुळतो,
त्वरण मात्र उडी मारतं.
तिसऱ्या विकलनाचं नाव मी घाईत सांगून टाकते,
परीक्षेला येत नाही म्हणून.
झटका.
तो इतके दिवस धाग्याला लागत होता.

नवा वक्र मी ग्राफपेपरवर काढला,
त्याने पत्र्यावर कोरला, टॅपेटवर उतरवला,
चार संध्याकाळी कानस चालवली.
मग डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला
आणि एके जागी थांबला.
"इथं काहीतरी बसतंय मॅडम."
"नाही, गणित बरोबर आहे."
"असंल. पण बसतंय."

दोन रात्री शोधलं.
नवव्या ओळीत वजाचं चिन्ह सुटलं होतं.

रविवारी नरसय्यांनी टॅपेटकडे पाहिलंही नाही.
माग सुरू केला, मान कलती करून ऐकत राहिले,
मग तेलुगूत बरंच काही बोलले.
अंबादासने त्यातलं एवढंच मराठी केलं:
"कमी तुटतात म्हणे."
"कमी म्हणजे किती?"
"सकाळपासून तीन."
आईने तंबाखूचं सूप बाजूला सारून
मला बसायला जागा केली.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात एक्केचाळीस,
चाळिसाला पास.
गुणपत्रिका त्याने मायक्रोमीटरसारखी
खिडकीच्या उजेडात धरून दाखवली.
"गो झालं मॅडम."

"आणि धागे?" मी विचारलं.

"काल दोन."